नानांचा पंखा आणि मीटरची लुकलुक

गेल्या वर्षी मे महिन्यात एका रात्री मी पलंगावर पडल्या पडल्या पंख्याची पाती मोजली. तीन. पंखा पाचावर होता तरी मोजता आली, यातच सगळं आलं. परभणीत रात्री दहानंतर घरोघरचे कूलर आणि एसी एकदम सुरू होतात, आमच्या गल्लीच्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, जीव तेवढा नाही, आणि व्होल्टेज बसतं. लाइट गेलेली नसते, त्यामुळे इन्व्हर्टर आपला गप्प. ट्यूब फडफडते, फ्रीज कण्हतो आणि पंखा नुसता डुलतो. "जगात जर्मनी, भारतात परभणी" हे बाहेरगावच्या पाहुण्यांना ऐकवायला बरं असतं. त्या रात्री मला कुणी ऐकवलं असतं तर मी काय बोलले असते ते इथं लिहिता येणार नाही.

नवरा म्हणाला, एसी घेऊ. ज्या व्होल्टेजवर पंखा फिरेना त्यावर एसी काय कपाळ चालणार? आमच्या शाळेतल्या एका सरांनी नुकतेच घरी 'डीसी पंखे' लावले होते आणि मधल्या सुट्टीत त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. त्यांच्याकडून ऐकून ऐकून मीच शेवटी मनावर घेतलं.

'डीसी' या शब्दानंच पहिला घोळ घातला. माझ्या दिरांनी शेतातल्या आखाड्यावर सोलरच्या बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा पंखा बसवलाय, तोही डीसीच. त्यामुळे नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना वाटलं, आता घरातल्या खोलीखोलीत बॅटऱ्या येणार. दुकानात ज्याला डीसी म्हणतात त्याचं खरं नाव बीएलडीसी. तो नेहमीच्याच २३० व्होल्टवर, नेहमीच्याच दोन तारांवर चालतो. आत एक कार्ड असतं. ते घरातल्या एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेचं डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज करतं आणि तारेच्या गुंडाळ्यांना क्रमाक्रमानं ती देत जातं. फिरणाऱ्या भागावर कायमचे लोहचुंबक बसवलेले असतात, ते तिच्यामागं धावतात. जुन्या पंख्यात असे चुंबक नसतात. तिथं फिरणाऱ्या भागात आधी प्रवाह निर्माण करायचा, त्यातून त्याला चुंबक बनवायचं, मग तो फिरणार. आणि या खटाटोपात बरीच वीज नुसती तापण्यात जाते. दोन तास चाललेला जुना पंखा बंद करून त्याच्या बुडाला हात लावून बघा. म्हणून जुन्याला ७५-८० वॅट लागतात आणि नव्याला ३० च्या आसपास.

मला मात्र वॅटपेक्षा वेगळीच गोष्ट हवी होती. जुन्या मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणं घटतो. २३० चे १७० झाले की जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि पाती मोजायची वेळ येते. बीएलडीसीचं कार्ड दीडशे व्होल्टपर्यंत तरी सांभाळून घेतं आणि वेग तोच ठेवतं. हे कुणी जाहिरातीत मोठ्या अक्षरात सांगत नाही. तिथं सगळा भर बिलावर.

बिलाचं म्हणाल तर मी शाळेत विज्ञान शिकवते. दुकानदाराच्या "निम्मं बिल येतंय बघा मॅडम" यावर पैसे काढून द्यायचे म्हणजे जरा लाजच. म्हणून आधी मोजायचं ठरवलं. त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. दारातल्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी लिहिलेलं असतं, किती लुकलुकी म्हणजे एक युनिट. आमच्या मीटरवर ३२००. घरातलं सगळं बंद करायचं, एकच पंखा लावायचा आणि दहा मिनिटं दिवा मोजायचा. नववीतल्या पोराला बसवलं मोबाइलचं घड्याळ लावून, आणि मी आकडे लिहायला.

पहिल्याच मोजणीत गंमत झाली. सगळं बंद, पंखाही बंद, तरी दिवा मिनिटभरानं एकदा लुकलुकतोच आहे. पोरगा म्हणाला, शेजारच्यांनी तार टाकली. तसं काही नव्हतं. सेट-टॉप बॉक्स, वायफायचा डबा आणि इन्व्हर्टर हे तिघं बटण बंद नसल्यानं बसल्या जागी खात होते. सतरा वॅट. त्यांनाही बंद केल्यावर दिवा थांबला आणि मग खरी मोजणी सुरू झाली. आमच्या खोलीतला पंखा दहा मिनिटांत ४० लुकलुकी, म्हणजे ७५ वॅट. नानांचा ४३, म्हणजे ८० च्या पुढं.

"काय मोजायलात गं मायलेकरं उन्हात?" नाना बाहेर येऊन उभे.

"तुमचा पंखा मोजायलो," पोरगा म्हणाला.

नानांचा पंखा हे आमच्या घरातलं वेगळंच प्रकरण आहे. तो त्यांनी नोकरीला लागल्यावर हैदराबादहून आणलेला, काचीगुड्याच्या गाडीनं, मांडीवर खोकं घेऊन. तेव्हा इकडं मीटरगेज होती. बिडाचा, धोंड्यासारखा जड. आणि भिंतीवर त्याचा काळा डबा रेग्युलेटर, गोल खटक्याचा. नाना पंखा कायम दोनावर ठेवतात. दोनावर मोजला तर ३३ लुकलुकी. वेग निम्म्यावर आला होता, पण वीज पाऊण हिश्शाहून जास्त जातच होती. कमी झालेल्या वेगाची वीज वाचत नव्हती, ती त्या काळ्या डब्यात तापत होती. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, पावसाळ्यात त्या डब्यावर काडेपेटी ठेवतात, सर्दावू नये म्हणून. एवढी वर्षं ती काडेपेटी बघत होते, पण ती किती वॅटवर शेकतेय हे कधी डोक्यात आलं नाही.

खरेदीत फार वेळ घालवला नाही. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे तारे सगळ्यांवरच असतात. एक तारा दाखवूनही "स्टार रेटिंगवाला" म्हणून गळ्यात मारता येतो. मी लेबलवर दोनच आकडे बघितले: वॅट किती आणि मिनिटाला हवा किती घनमीटर. हवेला वॅटनं भागायचं. २२० घनमीटर आणि ३० वॅट असेल तर सातच्या पुढं उत्तर येतं. साध्या ७५ वॅटच्या पंख्याचं तिनाच्या आसपास. वॅट कमी दिसला म्हणून भुलू नये, हवाही कमी असली तर काय उपयोग? दुकानदार 'एनर्जी सेव्हर' म्हणून ५० वॅटचा एक पंखा फार आग्रहानं दाखवत होता. तो जुन्याच जातीचा, जरा सुधारलेला. नको म्हटलं. चार पंखे घेतले, प्रत्येकी २,९५० रुपये. तीन झोपायच्या खोल्या आणि बैठक.

बसवायला चाचा आले. आमच्या भागात निम्म्या घरांची फिटिंग त्यांच्या हातची. घोडा उघडला, वर चढले, पहिल्या पंख्याची पाती सोडवली आणि खाली न बघताच म्हणाले, "मॅडम, ये पंखा चांगला आहे. फक्त कंडेन्सर सुकलाय. का काढायलात?" हे त्यांचं बरोबर होतं, आणि मी ते इथं मुद्दाम लिहितेय. व्होल्टेज नीट असतानाही पंखा हळू फिरत असेल तर आधी अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलून बघा. शंभराच्या आतलं काम आहे. पोराच्या खोलीतल्या पंख्याचं दुखणं तेच निघालं. तो कंडेन्सर घालून आता दिरांच्या घरी मजेत फिरतोय.

पंखा चढवण्यापेक्षा रेग्युलेटर काढण्याला जास्त वेळ गेला. "इसको रेगुलेटर नक्को. कार्ड जलता," चाचांनी बजावलं. बीएलडीसीला बटणातून थेट फेज, म्हणजे वीज आणणारी तार लागते. रेग्युलेटर नुसता पाचावर ठेवून चालत नाही, त्याला मधून काढून तार सरळ जोडावी लागते. बोर्ड उघडले तसा आत इतिहास निघाला. तीन रंगांच्या तारा, दोन ठिकाणी कापडी टेप, आणि एका जोडावर चक्क चिकटपट्टी.

नानांची खोली घरातली सगळ्यात जुनी, माळवदाची. उन्हाळ्यात घरात तेवढी एकच खोली राहण्यासारखी असते. वर मातीचा थर आहे, सिमेंटच्या स्लॅबसारखी ती रात्रभर आग ओकत नाही. पण छत बुटकं. नव्या पंख्यासोबत आलेला रॉड लावला असता तर पाती हात वर केल्यावर लागली असती. पाती जमिनीपासून आठ फुटांच्या खाली नकोत. आणि छताला अगदी चिकटवला तर पंख्याला वरून हवा ओढता येत नाही, फुटभर तरी जागा लागतेच. शेवटी लहान रॉड वेगळा आणला आणि दोन्हीचा मेळ इंचाइंचानं घातला. हूक तुळईत ठोकलेला. चाचांनी त्याला दोरी टाकली, स्वतः लोंबकळले आणि मग पोरालाही लोंबकळायला लावलं. जुना बिडाचा पंखा ज्यानं इतकी वर्षं पेलला त्याला हा हलका पंखा काय जड, असं नाना म्हणाले. पण त्यांच्या तोंडावर दिसत होतं की पंखा उतरला हेच त्यांना जड जातंय.

त्याच दिवशी तिन्ही खोल्यांच्या ट्यूबही काढल्या. जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसकट पन्नासच्या पुढं जाते, एलईडीची पट्टी वीसची. आमच्या खोलीत मात्र मी हौस केली: पट्टी नको, छताला चिकटणारा गोल दिवा, खोलीच्या मधोमध, पंख्याच्या जवळ. चाचा "बघा बुवा" एवढंच म्हणाले. रात्री दिवा लावला, पंखा लावला, आणि सगळी खोली थरथरायला लागली. दिवा पात्यांच्या वर, उजेड पात्यांतून कापून खाली. भिंतीवर सावल्यांची फेर धरलेली जत्रा. वाचायला घेतलेलं पुस्तक दोन मिनिटांत मिटलं, डोकं धरलं. दुसऱ्या दिवशी तो दिवा निमूट काढून पट्टी भिंतीवर, पात्यांच्या पातळीखाली घेतली. रंगाचंही असंच झालं. दुकानात सगळे ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र देतात. आईंना त्यात पोथी वाचता येते म्हणून त्यांच्याकडं तोच ठेवला, आमच्या खोलीत पिवळट ३००० चा. पिवळ्यात झोप लवकर येते की नाही माहीत नाही, मला तरी दवाखान्यात पडल्यासारखं वाटत नाही.

मग भुताचा प्रकार. नानांच्या खोलीतली नवी पट्टी बटण बंद केल्यावरही मिणमिणत राहिली. अगदी मंद, काजव्यासारखी. जुन्या ट्यूबचं असं कधी झालं नव्हतं. आईंनी रात्री दोनदा उठून बटण खालीवर करून बघितलं. सकाळी चाचांनी बटण बंद ठेवून पट्टीच्या तारेला टेस्टर लावला. टेस्टर लागला! म्हणजे बटण फेज तोडत नव्हतं, न्यूट्रल म्हणजे परतीची तार तोडत होतं. पट्टीपर्यंत फेज कायम जिवंत. एलईडीला एवढीशी चोरटी वीजही पुरते, म्हणून ती मिणमिणत होती. पण खरी काळजी मिणमिणण्याची नाही. असं असलं तर बटण बंद करून दिवा बदलायला चढलेला माणूसही झटका खातो.

"किसने करी ये फिटिंग?" चाचा घोड्यावरून ओरडले. "माझी नाही ही. मैं ऐसा काम नहीं करता."

कुणीच बोललं नाही. मग आईंनी नानांकडं बघितलं. पाच-सहा वर्षांपूर्वी एकदा तो बोर्ड नानांनी स्वतः उघडला होता, चाचा गावाला गेलेले म्हणून. नाना उठले आणि "चहा टाका गं कुणीतरी" म्हणत ओसरीवर गेले. चाचांनी हसू दाबत दोन तारा उलट केल्या. पाच मिनिटांचं काम. घरातले बाकीचे बोर्डही मग टेस्टर लावून तपासून घेतले. आणखी एक तसाच सापडला, बाथरूमचा. त्याबद्दल नानांना आम्ही विचारलं नाही.

रिमोटवरून आठवडाभर भांडणं झाली. चार पंखे, चार रिमोट, सगळे एकसारखे. बैठकीतला रिमोट दाबला तर दार उघडं असेल तेव्हा पोराचाही पंखा बंद होई. आईंना रिमोट म्हणजे टीव्हीचा; त्यांनी पंख्याच्या रिमोटनं बातम्या लावायचा प्रयत्न केला. नानांचं तर सरळ होतं: "मला नको ते रिमोट-फिमोट. अंधारात कुठं हुडकू?" त्यांचा हात इतक्या वर्षांच्या सवयीनं भिंतीवर त्या काळ्या डब्याच्या जागी जायचा आणि तिथं आता नुसती पांढरी पट्टी. शेवटी चाचांनीच तोडगा काढला. डबा होता त्याच जागी रिमोटची खोबण स्क्रूनं बसवली आणि रिमोटला नाडी बांधून ती खिळ्याला अडकवली. आता नाना उठतात, हात तिथंच नेतात, एक बटण दाबतात. दोनावरच. नव्या पंख्याची दोनावरची मोजणी दहा मिनिटांत चार लुकलुकी आली. आठ वॅटसुद्धा नाही. पाचावर १५, म्हणजे अठ्ठावीस वॅट. नानांना आकडे सांगितले तर म्हणाले, "मग मीटर बंद पडलं असंल."

ज्यासाठी हे सगळं केलं ती परीक्षा यंदाच्या एप्रिलमध्ये आली. व्होल्टेज बसलं, दिवे जरा मंदावले, फ्रीजनं कण्हून सांगितलं, आणि वर पंखा होता तसाच. पाती मोजता येईनात. मला इतका आनंद झाला की मी उठून नवऱ्याला जागं केलं. तो म्हणाला, झोपू दे ना आता. पुढच्याच आठवड्यात डीपी उडाली. रात्री पावणेबाराला गेलेली लाइट सकाळी सहानंतर आली. आमच्या इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी आहे, म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. ती आता तीन वर्षांची म्हातारी. पूर्वी तीन पंखे आणि दोन ट्यूब एवढ्यावर ती तीन तासांत शिट्टी मारायची, आणि तोवर पंखे इन्व्हर्टरवर भुंग्यासारखे गुणगुणायचे. या वेळी चारही पंखे पहाटेपर्यंत गुमान फिरले. गल्लीत सगळे बाजा घेऊन अंगणात, गच्चीवर; आम्ही आत. नाना मात्र बाहेर येऊन शेजारच्या अण्णांच्या बाजेवर बसले होते. बहुधा सांगायला.

आता दुसरी बाजू. जूनच्या सुरुवातीला विजांचा पाऊस आला, एक जोराचा कडकडाट झाला आणि पोराच्या खोलीतला पंखा थांबला तो थांबलाच. रिमोटला दाद नाही. चाचांनी बघून सांगितलं, कार्ड गेलं. गॅरंटीत होता, म्हणून पैसे लागले नाहीत; पण कंपनीचा माणूस यायला नववा दिवस उजाडला. आला आणि दहा मिनिटांत कार्ड बदलून गेला. चाचा बाजूला उभे राहून बघत होते. पूर्वी पंखा जळाला तर गल्लीच्या टोकाला वाइंडिंगवाला होता, संध्याकाळपर्यंत भरून द्यायचा. या कार्डात चाचांना हात घालता येत नाही, आणि कंपनी ते सुटं विकत देईलच असं नाही. गॅरंटीची मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. खोकी आणि पावत्या तेवढ्या जपून ठेवल्यात. चाचांनी मेन बोर्डात विजेचा उसळा अडवणारा एक एसपीडी बसवून दिला, पण म्हणाले, अर्थिंग बरोबर नसेल तर हा नुसता शोभेला. आमचं अर्थिंगचं आळं उन्हाळ्यात भेगा पडून कोरडं ठाक झालेलं. काळी माती ती, सुकली की हात जाईल एवढी फाटते. आता तिथं रोज बादलीभर पाणी घालायचं काम पोराकडं आहे, आणि तो ते विसरतो.

बिल? गेल्या मे महिन्यात ३१८ युनिट होतं, यंदा २४७. एकाहत्तरचा फरक. निम्मं नव्हे. कूलर, फ्रीज, पाण्याची मोटार हे आपापलं खातच आहेत. पण ३०० च्या वरचा टप्पा चुकला. १०० च्या पुढचं युनिट आम्हाला सगळे आकार धरून बारा-तेरा रुपयांना पडतं, म्हणजे महिन्याला नऊशेच्या घरात वाचले. पंखे, दिवे, रॉड, तारा, एसपीडी, चाचांची मजुरी असा सोळा हजार खर्च. थंडीत पंखेच बंद असतात, तेव्हा वाचायचं काय? अडीच-तीन वर्षांत पैसे फिटतील, मधल्या काळात कार्डांनी दगा दिला नाही तर.

नानांचा बिडाचा पंखा भंगारवाला तांब्यासाठी मागत होता. दिला नाही. तो माळ्यावर पोत्यात गुंडाळून आहे, शेजारी त्याचा काळा डबा. यंदा श्रावणात आई एकदा देवापुढं तीन काड्या ओढून चिडल्या. काडेपेटी सर्दावलेली. नव्या पंख्यानं घरात शेकायला एकही जागा ठेवली नाही म्हणाल्या. मग दोन दिवस इकडं तिकडं ठेवून बघितली, आणि आता ती इन्व्हर्टरवर असते.